गंजावर कोणाचे नाव घालावे

22 सप्टेंबर 2023 रोजी आमच्या घरी महालक्ष्म्या जेवल्या. इतरत्र ज्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात त्यांना आम्ही विदर्भातले लोक महालक्ष्म्या म्हणतो, आणि त्यांच्या जेवणाचा थाट आमच्याकडे लग्नासारखा असतो. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, पन्नास-साठ पान. रात्री अकराला शेवटची पंगत उठली, तेव्हा मोठी भांडी मागच्या अंगणात तशीच ठेवून आम्ही सगळे थकून झोपलो. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि चारेक तासांत नागपुरात 100 मिलीमीटरहून अधिक पाणी पडले. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीने पात्र सोडले आणि पहाटे आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी आधी मोरीच्या जाळीतून वर आले, मग दाराखालून आत शिरले. अर्ध्या तासात ते कमरेला लागले. सासूबाईंना मुलाने पाठीवर घेतले, मी आणि माझ्या पतींनी महालक्ष्म्यांचे मुखवटे एका लुगड्यात गुंडाळले आणि आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशीच्या अक्षता तिथेच, त्यांच्या दिवाणखान्यात, उसन्या पाटावर पडल्या.

त्या पुराविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यानंतरच्या एका कागदाविषयी लिहायचे आहे. पाणी ओसरल्यावर गल्लीत प्रत्येक घरापुढे ढीग लागले होते: फुगलेल्या गाद्या, प्लायवूड सुटलेली कपाटे, आडवे पडलेले फ्रीज, चिखलाने एकमेकांना चिकटलेली पुस्तके. पंचनाम्यासाठी नुकसानीची यादी लिहून ठेवा, असे कोणीतरी सांगितले, म्हणून मी मुलाच्या कोऱ्या वहीतला एक ताव घेऊन बसले. फ्रीज, वॉशिंग मशीन, सोफा, दोन गाद्या, धान्याच्या कोठ्या, हे सगळे भराभर लिहून झाले. मग दिवाणाची पाळी आली. आमचा दिवाण सहा फूट लांब होता, त्याच्या पोटात मोठी पेटी होती आणि ती गच्च भरलेली होती, एवढे मला नक्की ठाऊक होते. तिच्यात काय होते ते मात्र आठवेना. मी पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिले. शेवटी आम्ही तिघांनी मिळून तिचे फुगलेले झाकण उचकटले, तेव्हा आतून निघाले दोन न उघडलेले डिनर सेट, सँडविच भाजायचे एक यंत्र, लग्नाकार्यांत आलेले एकोणीस ब्लाऊजपीस, मुलाच्या पहिलीपासूनच्या गणवेशांचे गाठोडे आणि प्लॅस्टिकचे इतके डबे, की ते आम्ही मोजलेच नाहीत. ज्या वस्तू आपल्याकडे आहेत हेच आपल्याला माहीत नव्हते त्यांचे नुकसान कोणत्या शब्दांत लिहायचे, ते मला कळले नाही. यादीत मी एवढेच लिहिले: दिवाण, सामानासह.

इतके झाल्यावर मी साधेपणाने राहू लागले असेन, असे वाचणाऱ्याला वाटेल. तसे झाले नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण मोठा धक्का बसला की माणूस बदलतो अशी एक समजूत आपल्याकडे आहे. त्या वर्षीच्या दिवाळीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही गेलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू परत आणली, आणि काही वस्तू दोन-दोन आणल्या. एक गेली तर दुसरी असावी, हा त्यामागचा विचार होता. भीतीच्या भरात माणूस जेवढी खरेदी करतो तेवढी हौसेने करत नाही, हे मी त्या सहा महिन्यांत पाहिले. घर पुन्हा भरले, नवा दिवाणही आला आणि त्याची पेटीही भरली.

मनातून मात्र काहीतरी हलले होते. मी मोबाईलवर मिनिमलिझमचे, म्हणजे कमीत कमी वस्तूंत राहण्याचे, व्हिडिओ पाहू लागले. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक कुंडी, कपाटात एकाच रंगाचे दहा सदरे. पाहताना बरे वाटे, पण ते घर माझे होऊ शकेल असे एकदाही वाटले नाही. त्या घरांत कोणी पाहुणा येताना दिसत नव्हता, सणवार नव्हते, सासूबाई नव्हत्या, मेच्या उन्हात गच्चीवर वाळणाऱ्या मुंगवड्या आणि कुरड्या नव्हत्या. ज्या राहणीत माणसांना जागा नाही तिच्यातून मला उमेद कशी मिळावी? मला हवा होता आपल्यातलाच कोणी, जो कमी वस्तूंत राहतो, भरल्या माणसांत राहतो आणि ज्याच्या घरी जाऊन बसता येते.

अशी माणसे माझ्या आसपासच होती, माझे लक्ष नव्हते. पुरानंतर महिन्याभराने, 24 ऑक्टोबरला, विजयादशमी होती. 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून दसऱ्याच्या आगेमागे दीक्षाभूमीवर महाराष्ट्रातून आणि बाहेरून माणसांचा सागर लोटतो. आमचे घर तिथून फार लांब नाही. त्या दिवशी सकाळी वाशिम जिल्ह्यातून आलेल्या दोघी मायलेकी आमच्या फाटकाशी पाणी मागायला थांबल्या. अंगणात अजून चिखलाचे डाग होते, सोफा नव्हता, म्हणून आम्ही चौघी पायरीवरच बसलो. आईच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. तिच्यातून तिने भाकरी आणि ठेचा काढला, तो आधी आम्हाला देऊ केला, आणि मग लेकीला म्हणाली की संध्याकाळी पिशवी रिकामी झाली म्हणजे पुस्तकांना जागा होईल. दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने किती मोठ्या संख्येने लागतात आणि माणसे पोटाला चिमटा घेऊन कशी पुस्तके विकत घेतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. येताना भाकरी आणि जाताना पुस्तके, एवढ्यासाठी आणलेली ती एकच पिशवी होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. त्या बाईंकडे कमी वस्तू होत्या त्या काही तिने निवडून कमी केल्या नव्हत्या, आणि गरिबीला साधेपणाचे नाव देऊन तिचे कौतुक करणे मला अपमानास्पद वाटते. ज्याला मिळू शकते त्यानेच कमी घेण्याविषयी बोलावे. मात्र कोणती वस्तू कशासाठी जवळ बाळगायची याची तिची स्पष्टता माझ्याजवळ नव्हती, आणि ती मला तिच्याकडून शिकायची होती. बौद्ध भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांविषयी मी नंतर वाचले. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचे वस्त्र, एवढीच आठ साधने. त्यांतल्या सुईपाशी मी थांबले. सुई असते याचा अर्थ फाटलेले शिवायचे असते, म्हणजे आठांतली एक वस्तू इतर वस्तू टिकवण्यासाठी आहे. माझ्या घरी शिवणाचा डबा होता, पण वर्षानुवर्षे त्यातून फक्त तुटलेली बटणे लावण्यापुरती सुई निघत असे.

खरे बळ मिळाले ते वर्ध्याला, आत्याकडे. माझी आत्या त्र्याऐंशी वर्षांची आहे. वर्ध्याच्या एका शाळेत तिने आयुष्यभर शिकवले, आणि आता ती दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. गेल्या डिसेंबरात मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. तिच्या स्वयंपाकघरात दोन ताटे, दोन वाट्या, तवा, कढई, दोन गंज आणि एक पितळी गडवा आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोठ्या खोल भांड्याला आमच्याकडे गंज म्हणतात, लोखंडाला चढणाऱ्या गंजाशी त्याचा संबंध नाही. तो गडवा मी हातात घेऊन पाहिला. काठाला एक पोचा होता, बुडाशी दोन ठिकाणी डाग दिलेला होता आणि रोजच्या चिंचेने घासून घासून त्याच्यावर कोरलेले नाव इतके पुसट झाले होते, की बोट फिरवल्यावरच अक्षरे लागत. ते माझ्या आजीचे नाव होते. आजी गेल्यानंतर तिच्या बाकीच्या भांड्यांचे काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही. हा एक राहिला, कारण तो रोज वापरात होता.

मी तिला विचारले, "आत्या, पाहुणे आले तर दोन ताटांत कसं भागतं?"

ती म्हणाली, "अगं, बाजूच्या घरून आणते ना. आणि ताटं वापस करायला गेली की घंटाभर गोष्टी होतात. माझ्या घरी दहा ताटं असती तर मी कशाला गेली असती तिच्याकडे?"

मला जे कळत नव्हते ते या तीन वाक्यांत होते. प्रत्येक घराने स्वतःत पुरे असावे, कोणाकडे काही मागायची वेळ येऊ नये, या हट्टापायी आमची घरे भरतात. वर्षातून एकदा लागणारे पातेले, चार वर्षांतून एकदा लागणारी शिडी, पाहुण्यांच्या गाद्या, भिंतीला भोक पाडायचे यंत्र, हे सगळे प्रत्येक घरात वेगळे असते, कारण मागायची लाज वाटते. ज्या रात्री आमचे सगळे वाहून गेले त्या रात्री आम्ही काकूंकडे अकरा दिवसांसाठी राहायला गेलो होतो, त्यांच्या ताटात जेवलो होतो, त्यांच्या साड्या नेसलो होतो, आणि तेव्हा लाज वाटली नव्हती. पुढे घर पुन्हा भरले तसे त्यांच्या जिन्यावर आमचे पाऊल पडणेही कमी झाले होते.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला सेवाग्रामला नेले. नागपूरची माणसे शाळेच्या सहलीत एकदा सेवाग्रामला जातात आणि पुन्हा जायचे राहून जाते, माझेही तसेच झाले होते. गांधीजी 1936 साली इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते, आणि त्यांची पत्रे चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जात, म्हणून 1940 साली ते बदलून सेवाग्राम झाले. आश्रमातली पहिली वास्तू आदी निवास. ती उभारताना आसपास मिळणारे साहित्य वापरावे आणि खर्च 100 रुपयांच्या वर जाऊ नये, अशी गांधीजींची अट होती. सुरुवातीला ते, कस्तुरबा, सहकारी आणि येणारे पाहुणे असे सगळे त्याच छताखाली राहत. आज ज्या बापू कुटीपुढे आपण चपला काढतो ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, आणि भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा. मी त्या उठावाकडे बराच वेळ पाहत राहिले. साधेपणा म्हणजे ओकेबोकेपणा, ही माझ्या मनातली धास्ती तिथे गेली. भिंतीला लागणारी माती जशी तिथलीच होती तशी शोभेसाठी लागणारी मातीही तिथलीच होती.

आश्रमात दूरध्वनी आहे, साप पकडायचा लाकडी चिमटा आहे, आणि या दोन्ही वस्तू मला फार बोलक्या वाटल्या. व्हाइसरॉयला संपर्क साधता यावा म्हणून तो दूरध्वनी बसवला गेला होता. ज्या माणसाचे काम देशभर पसरलेले होते त्याला तो लागत होता, म्हणून तो होता. साप निघत आणि ते मारायचे नसत, म्हणून चिमटा होता. कमी वस्तू असणे यापेक्षा प्रत्येक वस्तूचे काम सांगता येणे हे मला अधिक जवळचे वाटले, आणि घरी आल्यावर मी तीच कसोटी धरली.

परतल्यावर मी मोठ्या उत्साहाने कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एक चूक केली. माळ्यावर मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली लहान मुले असे नंदी सजवून गल्लीतून ओढत नेतात, आणि घरोघरी त्यांना खाऊ मिळतो. हा नंदी पुरातून वाचला होता. त्याच्या एका चाकात वाळलेला चिखल अजून तसाच होता आणि शिंगांवरचा सोनेरी रंग निघाला होता. मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे, पुण्याला नोकरी करतो, त्याला याचे काय काम, असा विचार करून मी तो इतर सामानाबरोबर कबाडीवाल्याला दिला. संक्रांतीला मुलगा घरी आला तेव्हा त्याने माळ्यावर पाहिले आणि मला काही न बोलता गच्चीवर निघून गेला. मी कबाडीवाल्याला शोधले, त्याच्या दुकानापर्यंत गेले, पण नंदी मिळाला नाही. नंदीला काम होते, ते मला दिसले नव्हते एवढेच. तेव्हापासून मी फक्त माझ्या वस्तूंना हात लावते. घरातल्या दुसऱ्यांनी केव्हा आणि काय काढायचे ते त्यांनी ठरवावे. माझ्या पतींच्या हत्यारांच्या पेटीत सात स्क्रू ड्रायव्हर आहेत आणि ते तसेच राहतील.

संक्रांतीवरून वाणाचे आठवले. आपल्या घरांत नकोशा वस्तू येण्याची सर्वांत मोठी वाट हळदीकुंकवातून जाते, हे कोणीही गृहिणी सांगेल. एका महिन्यात तीस घरी जायचे, तीस प्लॅस्टिकच्या वस्तू आणायच्या आणि आपणही तीस वाटायच्या. वाण नाकारता येत नाही, नाकारूही नये, ते प्रेमाने दिलेले असते. पण आपण काय द्यायचे ते आपल्या हातात आहे. या वर्षी मी सुगडात जे असते तेच वाण म्हणून दिले: बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गाजर आणि तिळगूळ. संध्याकाळपर्यंत ते खाऊन संपले. मनात थोडी धाकधूक होती की बायका काय म्हणतील, पण पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोघींनी तेच केले, आणि त्यांतली एक मला म्हणाली की तिच्या मनात हे कधीचे होते, सुरुवात कोणी करावी एवढाच प्रश्न होता. व्हिडिओ पाहून मला कधी मिळाली नव्हती एवढी उमेद त्या एका वाक्याने मिळाली.

धान्याच्या बाबतीत मात्र मी काही बदलले नाही. उन्हाळ्यात वर्षाचा गहू आणि तूरडाळ भरणे, कुरड्या, पापड, मुंगवड्या करणे, लोणचे घालणे हे आमच्याकडे चालू आहे आणि चालू राहील. ज्या शहरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तिथे ते ऊन वापरून घेणे मला शहाणपणाचे वाटते. साठवण आणि संग्रह हे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत ते उगाच नाहीत. कोठीतला गहू पुढच्या चैत्रापर्यंत संपतो आणि कोठी पुन्हा रिकामी होते. दिवाणाच्या पेटीतले काहीच कधी संपत नव्हते. तो दिवाण मी मार्चमध्ये काढला. आता तिथे सतरंजी असते, आणि सासूबाई दुपारी तिच्यावर बसून वाती वळतात.

आणि मग या वर्षी पुन्हा महालक्ष्म्या आल्या. आंबिलीचा मोठा गंज पुरात चेपला होता, तेव्हापासून मी दोन वर्षे काकूंचा आणत होते, आणि तोही आता गळू लागला होता. श्रावणात एका संध्याकाळी मी काकूंच्या जिन्यावर बसून त्यांना आत्याच्या ताटांची गोष्ट सांगितली. बोलता बोलता असे निघाले, की आमच्या ओळीतल्या चार घरांत महालक्ष्म्या असतात, पण जेवणाच्या वेळा थोड्या पुढेमागे करता येतील, आणि मोठे गंज, पराती, झारे, पाट यांचा एकच संच चौघींत पुरेल. शिडीही एकच पुरेल. काकूंच्या यजमानांसाठी गेल्या वर्षी घेतलेली चाकांची खुर्ची आता वापरात नाही, ती ज्याला लागेल त्याने न्यावी, हे काकूंनीच सुचवले. त्या बोलत असताना त्यांचा आवाज थोडा भरून आला होता, आणि मी त्यांचा हात धरून बसले.

आम्ही चौघी इतवारीच्या भांडेबाजारात गेलो आणि तिथून पन्नास माणसांच्या आंबिलीचा एक पितळी गंज घेतला. भांडे घेतले की त्यावर नाव घालायचे, ही आपली रीत. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा म्हातारा बसला होता. त्याने गंज मांडीवर आडवा घेतला, यंत्राची सुई टेकवली आणि मान वर करून विचारले, "बाई, नाव कोणाचं टाकू?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. चौघींची नावे घालावीत तर काठावर जागा पुरेना, आणि एकीचेच घालावे हे कोणालाच मान्य होईना. शेवटी काकू म्हणाल्या की घरांचे क्रमांक टाका. त्याने वाकून, एकेक आकडा फुंकर मारून पाहत, 11, 12, 14, 15 असे कोरले. सध्या तो गंज 14 नंबरच्या घरी आहे. त्यांच्या मुलीचा साखरपुडा पुढच्या रविवारी आहे, आणि शनिवारी संध्याकाळी मसालेभाताचे तांदूळ निवडायला आम्ही तिघी तिकडे जाणार आहोत.